लॉग-लॉग कागद

सातेरी वडगावात राहतो,
शिवलिंगव्वाच्या माडीवर, महिना अठराशे.
खाली चोवीस यंत्रमाग. बोलायचं तर ओरडून.
मी खुर्चीत, तो जमिनीवर,
मध्ये पसरलेला हिरव्या रेघांचा कागद.
खडेबाजारात दुकानदाराने आधी विचारलं, "एष्टु बेकु?"
मग माळ्यावरची धूळ झटकत म्हणाला,
"आता कोण घेतंय हे."

बाई, हे बघा.
आडवं मोजलंय वायू किती दाट ते,
उभं मोजलंय तारे किती वेगानं जन्मतात ते.
एकेक ठिपका म्हणजे एकेक दीर्घिका.
मी चष्मा वर सारला.
ठिपके मुंग्यांसारखे
एकाच तिरप्या वाटेनं वर चालले होते.

वायू दुप्पट झाला तर तारे दुप्पट होत नाहीत, बाई.
अडीचपटीच्याही थोडे वर जातात.
का रे?
त्यानं जमिनीकडे बोट केलं.
या गल्लीत दोनच माग होते तेव्हा
सुतासाठी शहापूरपर्यंत चालावं लागे, शिवलिंगव्वा सांगते.
दहा झाले तसा एक रंगारी आला,
कांड्या भरायला दोघी जावा,
रात्री अकरापर्यंत मिरची भजी तळणारा एकजण.
चोवीस झाले,
मग काय काय झालं ते कुणी मोजलंच नाही.
तिथंही असंच. दाट ढग
स्वतःच्याच वजनानं लवकर कोसळतो.

आणि सगळ्या वायूचे तारे होतात?
छे. एका कोसळण्यात शंभरातला एखादा भाग.
जन्मलेला तारा फुंकर घालतो,
भोवतालचा वायू उधळून लावतो.

मला कोलकारांचा थोरला आठवला.
म्हापशाच्या बेकरीत लागला,
दिवाळीला नवे बूट घालून आला,
आणि शिमग्यापर्यंत अर्धी आळी
त्याच्यामागून घाट उतरून गेली.
बोलले नाही. सातेरी त्याचाच भाऊ.

इथं बघा, डावीकडे, खाली.
इथं रेष मोडते. वायू आहे,
पण इतका विरळ की नुसता फिरत राहतो.

ही जागा मला ठाऊक होती.
जांबोटीच्या वर, जंगलाला टेकून, दोन खोल्या.
हजेरीत अठरा. मग अकरा. मग सात.
साहेबांनी कानडीत विचारलं, मी मराठीत सांगितलं,
दोघांनाही आकडा नीट कळला.
शेवटच्या वर्षी चार.
श्रावणात धुकं खिडकीतून आत यायचं
आणि रिकाम्या बाकांवर बसायचं.
त्याचं नाव पटावर घालता येत नव्हतं.

आपली शाळा लाव यावर, मी म्हटलं.
मुलं शून्य.
त्यानं पेन्सिल डावीकडे सरकवली:
दहा, एक, एक दशांश, एक शतांश,
कागद संपला.
या कागदावर शून्य नसतं, बाई.
कितीही चिकटवत गेलो डावीकडे, तरी येत नाही.

मग जिथं ताराच सापडत नाही तिथं?
तिथं ठिपका देत नाही.
खाली तोंड केलेला बाण काढतात.
म्हणजे, असलाच तर याहून कमी.
दुर्बिणीला एवढंच दिसलं. नाही असं कुणी म्हणत नाही.

तेवढ्यात वीज गेली.
चोवीस माग एकदम थांबले,
आणि आम्ही दोघं उगाचच ओरडून बोलत होतो.

मी पेन्सिल घेतली.
हात अजून खडूसारखीच धरतो तिला.
कडेच्या कोऱ्या समासात एक बाण काढला,
थोडा वाकडा.
सातेरी शेजारी वाडीचं नाव लिहू लागला, नि अडला:
पाटीवरचं लिहू, का आपण म्हणतो ते?

जिन्याखालून शिवलिंगव्वा:
"चहा माडली एन्री?"
हो म्हण, मी सांगितलं.